माळवदाचं वजन

किल्लारी, सास्तूर, होळी इथल्या माणसांना १९९३ च्या भूकंपानंतर जी घरं मिळाली, तशा घरात त्यांच्या मागच्या कुठल्याच पिढीनं दिवस काढले नव्हते. जमिनीच्या हिशेबानं कुणाला २५० चौरस फूट, कुणाला ४००, मोठ्या खातेदाराला ७५०. सरळ रस्ते, एका ओळीत घरं, वर बहुतेक ठिकाणी स्लॅब. ढेळज नाही, कणगी ठेवायला जागा नाही, बैल कुठे बांधायचे याचं उत्तर आराखड्यात नाही. एवढ्या मोठ्या दुःखातून उठलेल्या माणसांनी ती घरं हळूहळू आपली केली. पुढे पत्र्याची ओसरी काढली, मागे गोठा घातला. तरी एप्रिल लागला की जुनी माणसं अजून माळवदाची आठवण काढतात. त्या आठवणीत विज्ञान आहे.

माळवद म्हणजे लाकडी खांब, त्यांवर तुळया, वर फळ्या आणि त्यांच्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. भिंती दगड-मातीच्या, दोन-तीन फूट रुंद. दिवसाचं ऊन अशा मातीत हळूहळू मुरतं. साधारण दर १२ सेंटिमीटरला उष्णतेचा दिवस-रात्रीचा चढउतार जवळपास एक-तृतीयांशावर येतो. अर्धा मीटर माती ओलांडून तो आत पोचेपर्यंत शेकड्याला एक-दोन भाग उरतो. म्हणून लातूर-नांदेडच्या उन्हाळ्यात माळवदाखाली दुपारची झोप लागते. चार-पाच इंचांच्या स्लॅबमधून तीच उष्णता तीन-चार तासांत खाली येते आणि संध्याकाळी, अंथरूण घालायच्या आधीच, खोलीत उतरते. पुनर्वसनाचा सगळा विचार धक्क्याभोवती झाला, उन्हाळा त्यात मागे पडला असं मला वाटतं.

पण माळवदाची दुसरी बाजूही आकड्यांतच सांगायला हवी. दहा बाय दहा फुटांच्या खोलीवर अर्धा मीटर माती म्हणजे सात टनांहून जास्त वजन. भूकंपात छतावर येणारा आडवा रेटा वस्तुमानाच्या प्रमाणात वाढतो. जमिनीचा हादरा गुरुत्वाकर्षणाच्या पाचव्या हिश्शाइतका धरला, तरी या एका खोलीच्या डोक्यावर दीड टनाचा आडवा रेटा येतो, आणि तोही कधी इकडून, कधी तिकडून. खांब आणि तुळईच्या सांध्याला तिरपा आधार नसे. भिंतीला आतलं आणि बाहेरचं अशी दगडांची दोन तोंडं, मधे चिपा आणि माती. दोन्ही तोंडांना जोडणारे लांब दगड क्वचितच. हादरा बसला की तोंडं एकमेकांपासून सुटतात, भिंत फुगते आणि ढासळते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती विसर्जन करून गाव झोपलेलं असताना, ६.२ तीव्रतेच्या भूकंपानं लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे आठ हजार माणसं गेली. बहुतेक आपल्याच घराखाली.

जपानची गोष्ट इथे जवळची वाटते. तिथली पारंपरिक खोली चटयांवर मोजतात: सहा चटयांची, आठ चटयांची. एक चटई साधारण ९० बाय १८० सेंटिमीटर. आपल्याकडे घर खणांवर मोजत, तसंच हे. लाकडी सांगाडा, सरकते दरवाजे. घर हलकं वाटतं, पण जुन्या घरांच्या जड कौलांखाली मातीचा थर असे. १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे कोबे हादरलं आणि ६,४०० हून अधिक माणसं गेली. त्यांतले बहुतेक बळी कोसळलेल्या घरांखालचे, आणि कोसळलेल्यांत जुनी, जड छपरांची लाकडी घरं फार. १९८१ च्या सुधारित नियमांनी बांधलेली घरं त्या मानानं टिकली. लाकडाच्या सांगाड्याला तिरपे आधार आणि भिंतींना पुरेशी ताकद, हा त्यांतला मोठा फरक.

मग थंडावा हवा असेल तर जीव धोक्यात घालायचा का? नाही. आठ इंच मातीदेखील उष्णतेचा बहुतांश चढउतार अडवते. त्याहून जाड थर साठत जातो तो पावसामुळे. माळवद गळू नये म्हणून पावसाळ्याआधी नवी माती टाकायची, जुनी तशीच राहते. वर्षानुवर्षांच्या या डागडुजीनं डोक्यावरचं ओझं वाढत गेलं. म्हणून अभियंत्यांनी जुन्या घरांसाठी सुचवलेला उपाय साधा आहे: माती उतरवून आठ इंचांवर आणायची, मधे प्लॅस्टिकचा कागद घालायचा, खांब-तुळईच्या कोनात तिरपे टेकू ठोकायचे. भिंतीत ठिकठिकाणी आरपार छिद्रं पाडून त्यांत सळई आणि काँक्रीट भरायचं. दारांच्या वर सगळ्या भिंतींना वेढणारा एकसंध पट्टा घालायचा. कडब्याच्या पेंढीला आळा आवळावा तसा तो घर एकत्र धरतो. स्लॅबच्या घरांना चुन्याचा पांढरा हात दिला, तरी बरंच ऊन माघारी जातं.

नांदेड-लातूरमध्ये माळवदं अजून उभी आहेत, आणि जमीनही पुरती निवांत नाही. २१ मार्च २०२४ ला हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, तो नांदेडमध्येही जाणवला. तेव्हा पत्र्यावर ठेवलेले दगड काढून टाका, असं आवाहन प्रशासनानं केलं. दगड असतात वाऱ्यासाठी. पत्रा उडू नये म्हणून. ते काढायचे तर पत्रा खालच्या पाइपांना हूक-बोल्टनं आवळावा लागतो, आणि पाइप भिंतीत पक्के धरलेले लागतात. त्याचा खर्च फार नाही, एका दिवसाचं काम आहे, आणि ते पावसाळ्याच्या वाऱ्याआधी करून घेता येतं.