बरं वाटतंय म्हणून गोळी सोडू नका

घुग्घुससारख्या कोळशाच्या गावात धडधाकट तरुणाला हिपॅटायटिस बी असल्याचं अनेकदा योगायोगानंच कळतं. शिबिरात रक्त दिलेलं असतं, रक्तपेढी नियमाप्रमाणे ते तपासते आणि निरोप येतो. कागदावर लिहिलेलं असतं, ‘एचबीएसएजी रिॲक्टिव्ह’. डोळे पिवळे नाहीत, भूक नीट आहे, रात्रपाळीही चालू आहे. घरचे म्हणतात, पांढरी कावीळ आहे, उतरवून आणू.

मग गळ्यात मुळ्यांची माळ पडते, चुन्याच्या पाण्यात हात धुतले जातात. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकदा आपली आपणच बरी होते आणि श्रेय माळेला मिळतं. बी तसा नाही. सहा महिन्यांनंतरही तो रक्तात राहिला तर आजार जुनाट समजायचा. वर्षानुवर्षं काहीही न जाणवता यकृताचा सिरॉसिस होऊ शकतो, कर्करोगही.

यावर रोज एक गोळी आहे: टेनोफोव्हिर, नाहीतर एन्टेकाव्हिर. विषाणू ज्या विकराच्या जोरावर आपल्या प्रती काढतो, त्यालाच ती अडवते. काही महिन्यांत रक्तातले विषाणू इतके घटतात, की अनेकांच्या तपासणीत सापडतही नाहीत. पण यकृताच्या पेशीच्या केंद्रकात विषाणूच्या डीएनएचं एक वेटोळं दडून बसलेलं असतं. तिथं या गोळीचं काही चालत नाही. रिपोर्ट चांगला आला म्हणून परस्पर गोळी सोडली, की त्याच वेटोळ्यातून विषाणू पुन्हा उसळतो. कधी इतका, की यकृत निकामी होतं.

प्रत्येक रिॲक्टिव्ह माणसाला लगेच गोळी लागतेच असं नाही. यकृताची सूज, विषाणूचं प्रमाण, सिरॉसिस आहे का, हे पाहून डॉक्टर ठरवतात. गोळी नको म्हटलं तरी ठरावीक काळानं तपासणी हवीच. टेनोफोव्हिर घेणाऱ्यांनी मूत्रपिंडांकडे लक्ष ठेवायचं. दारू मात्र सगळ्यांनीच सोडायची.

एका ताटात जेवल्यानं हा आजार पसरत नाही. त्या माणसाचं ताट वेगळं करणं हा निव्वळ अन्याय आहे. तो पसरतो रक्तातून, वापरलेल्या सुई-ब्लेडमधून, असुरक्षित संबंधांतून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला. नवजात बाळाला लागण झाली, तर दहापैकी नऊ वेळा ती जुनाट होते. म्हणून पहिली लस जन्मानंतर 24 तासांच्या आत.

28 जुलै 2018 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातून सरकारी केंद्रांत तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. रिपोर्ट घेऊन चंद्रपूरच्या सरकारी रुग्णालयात जा, घरच्यांचीही तपासणी करून घ्या आणि गोळ्या संपायच्या आधीच पुढच्या आणा.