दाब पडला की धंदा बसतो

नेर हा यवतमाळ जिल्ह्यातील कापूस, सोयाबीन, तुरीचा तालुका. येथे पिठाची गिरणी असो की वेल्डिंगचे दुकान, धंदा विजेवर चालतो. लाईनवर एखादी मोठी मोटार थेट सुरू झाली की ती क्षणभर पाच ते सात पट करंट खेचते आणि विजेचा दाब पडतो. दाब ८० टक्क्यांवर आला तर मोटारीचा जोर ६४ टक्केच उरतो. आणखी घसरला तर स्टार्टर सुटतो, माल अर्धवट राहतो.

सर्व्हो स्टॅबिलायझर हळूहळू होणारे चढउतार सांभाळतो. क्षणाचा झटका त्याच्या हाती लागत नाही. त्यासाठी ‘डायनॅमिक व्होल्टेज रिस्टोअरर’ हे यंत्र आहे. जेवढा दाब कमी पडला तेवढा ते लाईनमध्ये भरून देते. १९९६ साली अमेरिकेत असे यंत्र बसले, ते सूत व गालिच्यांच्या कारखान्यासाठी.

भर किती घालायची, हे ‘फझी लॉजिक’ने ठरवता येते. लोत्फी झादे यांनी १९६५ साली त्याचा पाया घातला. भारतात शिकलेल्या इब्राहिम ममदानी यांनी लंडनमध्ये त्यावर वाफेचे इंजिन चालवून दाखविले. ‘दाब थोडा कमी, पण झपाट्याने घसरतो आहे, तर भर जास्त’ असे त्याचे नियम; जाणत्या मिस्त्रीच्या अंदाजासारखे.

छोट्या गिरणीला हे यंत्र परवडणारे नाही. तिने सॉफ्ट स्टार्टर बसवावा, दोन मोटारी एकदम सुरू करू नयेत आणि दाब पडण्याच्या वेळा वहीत लिहून ठेवाव्यात. महावितरणकडे तक्रार करताना हीच वही कामी येईल.