बोर्ड नावाची फळी

गावाकडच्या आमच्या घरात पहिल्यांदा वीज आली तेव्हा बसवलेला बोर्ड अजून भिंतीवर आहे. सागवानी पेटी, झाकण पितळी स्क्रूंनी आवळलेलं, त्यावर काळी गोल बटणं. खटका खाली ओढला की ठक्क असा आवाज होतो. गेल्या दिवाळीत वायरमन आला, त्याने झाकण उघडलं, आतल्या बाजूला नखाने टोकरून पाहिलं आणि म्हणाला, "काका, बोर्ड राहू द्या. लाकूड जुनं आहे, अजून वीस वर्षं जाईल. वायर तेवढी बदलू."

बोर्ड आणि लाकूड हे शब्द त्याच्या तोंडी सहज शेजारी येऊन बसले. त्यांचं नातं फार जुनं आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही बोर्ड म्हणजे लाकूड चिरून काढलेली फळी. आज प्लास्टिकच्या कीबोर्डात लाकडाचा कणही नसतो, पण नाव फळीचंच आहे.

ही फळी आधी समुद्रावर नेऊन पाहू. जहाजाच्या कडेलाही जुन्या इंग्रजीत बोर्डच म्हणत. उत्तर युरोपातल्या त्या काळच्या जहाजांचं सुकाणू म्हणजे उजव्या कुशीला बांधलेलं एक मोठं वल्हं असे. म्हणून उजवी बाजू ती स्टारबोर्ड. यातला 'स्टार' आकाशातला नव्हे, तो सुकाणू धरण्यावरून आला आहे. वल्हं धक्क्यावर आपटू नये म्हणून जहाज डाव्या अंगाने लावायचं. त्या बाजूचं नाव होतं लारबोर्ड. वाऱ्यापावसात ओरडून दिलेल्या हुकमात हे दोन शब्द सारखेच ऐकू येत आणि गफलत होई. अखेर १८४४ मध्ये ब्रिटिश नौदलाने लारबोर्ड टाकून दिला आणि 'पोर्ट' हा शब्द पक्का केला. विमानांनी हीच भाषा उचलली. आपण विमानात डाव्या दाराने चढतो आणि हातातल्या चिठ्ठीला बोर्डिंग पास म्हणतो.

जमिनीवर मात्र या फळीचं खरं घर म्हणजे जेवणघर. मध्ययुगीन इंग्लंडमधल्या मोठ्या दालनांत लाकडी घोड्यांवर फळ्या टाकून टेबल मांडत आणि जेवणं उरकली की ते उचलून ठेवत. त्यामुळे बोर्ड म्हणजे टेबल झालं आणि टेबलावरून त्याला जेवण हाही अर्थ आला. त्याच टेबलाभोवती बसून चार जाणती माणसं कारभार पाहू लागली, त्यांनाही बोर्डच म्हणू लागले. कंपनीचं संचालक मंडळ आलं ते इथून. पत्ते खेळणाऱ्याचे हात टेबलाच्या वर दिसत राहिले तर खेळ सचोटीचा, म्हणून चोख व्यवहारालाही इंग्रजीत 'बोर्डाच्या वरचा' म्हणतात. पेले मांडायची फळी ती कपबोर्ड. आपलं कपाट कानाला तिच्या सख्ख्या भावासारखं वाटतं, पण तो निव्वळ योगायोग. कपाट संस्कृतातून आलं, तिथे त्याचा अर्थ दाराची फळी. केदारनाथाचे कपाट उघडले असं आपण दरवर्षी वाचतो, तेच हे.

मराठीने या शब्दाला प्रतिशब्द दिला तो 'मंडळ'. इंग्रजांना मधली फळी दिसली, आपल्याला तिच्याभोवती बसलेल्या माणसांचं कडं दिसलं. मला हा प्रतिशब्द फार आवडतो. बोलताना मात्र आपण बोर्डच म्हणतो. 'यंदा मुलगी बोर्डाला आहे' एवढ्यावर सगळं कळतं. 'बोर्डात येणं' म्हणजे गुणवत्ता यादीत झळकणं. ती यादी बंद झाली, तरी त्या पिढीतली माणसं अजून तेच सांगतात. विद्युत मंडळाचे २००५ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांत भाग झाले, पण आमच्याकडे मीटर बघायला येणारा अजून 'बोर्डाचा माणूस'. तमाशात बोर्डावर उभं राहणं म्हणजे रंगमंचावर येणं. तिथे शब्द पुन्हा थेट फळ्यांवर आला.

गंमत म्हणजे आपल्या भाषेतही लाकूड याच वाटांनी गेलेलं आहे. फळीच्याच कुळातला शाळेतला फळा, फलक. बसायचा पाट, आणि त्याच घरातली पाटी. पाटीवर मूल अक्षरं गिरवतं आणि दुकानावर नाव लागतं तीही पाटीच. आजी पाटपाणी घ्यायला सांगायची तेव्हा तिला जेवायची तयारी हवी असायची. पाट म्हणजे जेवण, हा तर बोर्डचाच अर्थ.

म्हणूनच 'बोर्डिंग' या शब्दापाशी मी थांबतो. बोर्डर म्हणजे मूळचा पैसे देऊन दुसऱ्याकडे जेवणारा. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि पुढे एकेका समाजासाठी बोर्डिंगं उभी राहिली. त्यांतल्याच जैन बोर्डिंगमध्ये भाऊराव पाटील विद्यार्थी म्हणून राहिले होते. त्यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात जे बोर्डिंग सुरू केलं, त्यात मात्र जातीची भिंत नव्हती. सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असं नामकरण झालं. मुलांच्या जेवणासाठी घरात काही उरलं नाही तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही दिलं.

कागदोपत्री आता वसतिगृह लिहितात. शब्द चांगला आहे, पण त्यात वस्ती आहे, जेवण नाही. साताऱ्या-कोल्हापूरकडची जुनी माणसं 'मी बोर्डिंगात शिकलो' म्हणतात, तेव्हा त्यात एका पंगतीचं जेवण असतं. हा शब्द इंग्रजी म्हणून बदलू नये. तो आता मराठी आहे.