सोळाशे मीटर संपल्यावर : लांब पल्ल्याची रानवाट रोजच्या जगण्यात काय शिकवते?

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लेखी रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बाकी भाषा तशीच ठेवली आहे.)

 

आज दारव्ह्यातूनच बोलतोय. पहाटे पाचला आपल्याकडे दिग्रस रोडला या, किंवा यवतमाळ रोडला जा. अंधारात पोरं धावताना दिसतील. कुणाच्या हातात मोबाइलचं स्टॉपवॉच, कुणाच्या पायात मोठ्या भावाचे बूट. ही सगळी भरतीची पोरं. पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर धावावं लागतं, मुलींना 800. मुलांनी पाच मिनिटं दहा सेकंदांच्या आत संपवलं की वीसपैकी वीस गुण. आपल्या भागात धावणं म्हणजे एवढंच, पाच मिनिटांचा जीव तोडून केलेला खेळ.

मीही त्यातलाच. पाच वर्षं धावलो. माझा सगळ्यात चांगला वेळ 5 मिनिटं 31 सेकंद. पुढे वयाची अट आडवी आली आणि धावणं एका दिवसात बंद झालं. बूट माळ्यावर गेले. आपल्याकडे बहुतेकांचं असंच होतं. भरती संपली की पळणं संपलं.

दोन वर्षांनी मी परत धावायला लागलो, पण वेगळ्या तऱ्हेनं. मोतीबाग स्टेशनापासून शकुंतलेच्या जुन्या रुळांच्या कडेकडेनं, मग पांदण रस्त्यानं, मग रानातून. हळू आणि लांब. एक आजोबा रोज विचारायचे, "काऊन पयून राह्यला बाबू, बस सुटली काय?" खरं सांगतो, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज थोडंफार आहे, तेच सांगतो.

ट्रेल रनिंग म्हणजे नेमकं काय?

डांबरी रस्ता सोडून पायवाटेनं, डोंगरातून, जंगलातून धावणं म्हणजे ट्रेल रनिंग. मॅरेथॉन 42.195 किलोमीटरची असते, त्याच्या पुढचं सगळं अल्ट्रा. आपल्या महाराष्ट्रात सिंहगड-राजगड-तोरणा या तीन किल्ल्यांच्या वाटेवर होणारी एसआरटी अल्ट्रा धावणाऱ्यांना माहीत आहे. आल्प्समध्ये माँ ब्लाँ डोंगराला वळसा घालणारी शर्यत तर 170 किलोमीटरच्या आसपास असते आणि चढ सगळा मिळून सुमारे 10,000 मीटर.

इथे एक गोष्ट भरतीवाल्या पोरांना पटत नाही. या शर्यतींत चढावर चांगले चांगले धावपटूही चालतात. चालण्यात कमीपणा नाही. इथे किती जोरात धावलात यापेक्षा शेवटपर्यंत टिकलात का, हे बघतात.

पहिली गोष्ट : सुरुवातीला हात राखून

सोळाशे मीटरमध्ये राखून ठेवलं तर गुण जातात. पन्नास किलोमीटरमध्ये राखून ठेवलं नाही तर माणूस जातो. सुरुवातीला अंग ताजं असतं, सगळे पुढे जाताना दिसतात, आणि आपणही सुटतो. त्याची किंमत तिसाव्या किलोमीटरला मोजावी लागते.

यावर साधी कसोटी आहे. धावता धावता शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. एकेक शब्द तोडून बोलावा लागत असेल तर वेग जास्त झाला.

शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. जूनमध्ये बियाणं, खत, फवारणी यांत हातातला सगळा पैसा ओतला आणि ऑगस्टमध्ये पावसानं खंड दिला, तर दुसऱ्या डावाला काय उरतं? मी कपाशी लावत नाही, मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. पण दिवाळीच्या कमाईतून मार्चसाठी किती बाजूला ठेवायचं, हे मला रानवाटेवर कळलं. आधी ऐकलं होतं, पण पायांना कळणं वेगळं.

दुसरी गोष्ट : भूक लागायच्या आधी खाणं

थोडं शास्त्र बघू. शरीर साखर साठवून ठेवतं, स्नायूंत आणि यकृतात. हा साठा साधारण 2000 कॅलरींचा. धावताना दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे, सुमारे एक कॅलरी लागते. म्हणजे साठ किलोच्या माणसाला पन्नास किलोमीटरला 3000. शरीर चरबीही जाळतं, पण ती हळू जळते. म्हणून मधे मधे खावंच लागतं. मी गूळ-फुटाणे आणि शेंगदाण्याची चिक्की नेतो. अर्ध्या-पाऊण तासानं थोडं थोडं, भूक नसली तरी. भूक लागेपर्यंत थांबलात तर पोट घ्यायला तयार नसतं.

पाण्याचं तर मी स्वतः भोगलंय. मार्चचा शेवट, तीस किलोमीटर ठरवलेले. उशिरा निघालो, दोन तासांत पाणी संपलं, ऊन तापलं. पुढे एका शेतात मोटर चालू होती. तिथे पोट फुटेस्तोवर साधं पाणी प्यालो. अर्ध्या तासात डोकं गरगरायला लागलं, उलटी झाली, कडुनिंबाखाली आडवा झालो. घामातून मीठ गेलेलं असताना नुसतं पाणी भरमसाट प्यालं की रक्तातलं सोडियम उतरतं. माझं तेच झालं की ऊन लागलं, हे मी तपासून घेतलं नाही. पण हा धोका पुस्तकी नाही. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचं रक्त तपासलं, तर त्यातल्या 13 टक्क्यांचं सोडियम कमी निघालं. तेव्हापासून माझ्या बाटलीत लिंबू, मीठ आणि साखर असते.

आता हे रोजच्या जगण्यात कुठे लागतं? मदत मागण्यात. आपण कर्जाचा हप्ता थकल्यावर बँकेत जातो, थकायच्या आधी जात नाही. छातीत दुखायला लागल्यावर डॉक्टर आठवतो. दुकानाचं भाडं जड जातंय हे मी मालकाला यंदा दोन महिने आधी सांगितलं. मुदत मिळाली. थकल्यावर गेलो असतो तर भांडण मिळालं असतं.

तिसरी गोष्ट : पुढचा विसावा

पन्नास किलोमीटर एकदम डोक्यात धरले की पाय उचलत नाही. म्हणून धावणारा पुढच्या पाणपोईपर्यंतचाच विचार करतो. वारकऱ्यांनी हे कितीतरी आधी बसवून ठेवलंय. आळंदी ते पंढरपूर सुमारे 250 किलोमीटर. शेगावहून गजानन महाराजांची पालखी निघते तिचा पल्ला तर त्याहून कितीतरी मोठा. पण वारकरी रोज फक्त पुढच्या मुक्कामापर्यंत चालतो. मधे विसावा ठरलेला, जेवण ठरलेलं.

दोन वर्षांपूर्वी बाबांचं ऑपरेशन झालं. नागपूरला बावीस दिवस. पहिले तीन दिवस आम्ही दोघं भाऊ झोपलोच नाही. चौथ्या दिवशी मी कॉरिडॉरमध्ये बसल्या बसल्या पडलो. तेव्हा लख्ख कळलं, अरे, आपण तर पहिल्या पाच किलोमीटरलाच सुटलो! त्या संध्याकाळी वहीत लिहून काढलं. कोण कधी झोपणार, डबा कुठून येणार, पैसे कोणत्या तारखेपर्यंत पुरतात. आणि बोलायचं फक्त उद्याच्या तपासणीबद्दल. पुढच्या महिन्याचं कुणी काढलं तर त्याला चहा आणायला पाठवायचं. बाबा घरी आले तेव्हा आम्ही दोघंही उभे होतो.

चौथी गोष्ट : मागे फिरण्याची अट

सगळ्यात अवघड हीच. धावण्याच्या गोष्टी सांगताना लोक जिद्दीवर येऊन थांबतात. हार मानू नका वगैरे. रानवाट मात्र थांबायलाही शिकवते.

22 मे 2021. चीनमधला गान्सू प्रांत, 100 किलोमीटरची शर्यत, 172 धावपटू. डोंगरात उंचावर अचानक गारा, गोठवणारा पाऊस, वादळी वारा. बरेच जण अर्ध्या चड्डीत आणि पातळ टी-शर्टात होते. वारा अडवणारं जॅकेट जवळ असणं सक्तीचं नव्हतं. 21 जण गेले, आणि त्यांत देशातले नावाजलेले धावपटू होते. एका मेंढपाळानं सहा जणांना आपल्या गुहेत नेऊन शेकोटीजवळ वाचवलं. आयोजकांच्या चुका होत्याच. पण धावणाऱ्यांनी यातून घ्यायचं ते असं : गारठलेलं किंवा थकलेलं डोकं नीट निर्णय घेत नाही. म्हणून परत फिरायची अट निघायच्या आधी, घरी, शांत डोक्यानं ठरवायची. अमुक वाजेपर्यंत तिथे पोचलो नाही तर परत. लघवी गडद झाली, बोलणं अडखळलं तर परत.

माझी सह्याद्रीतली पहिली पन्नासची शर्यत मी अडतिसाव्या किलोमीटरला सोडली. गुडघा सुजला होता आणि तशी अट मी आधीच कागदावर लिहिली होती. रडू आलं. पण सहा आठवड्यांनी परत धावत होतो.

आणि आता मुद्द्याचं बोलतो. भरतीच्या पाच वर्षांत मी अशी अट कधीच घातली नाही. "यंदा होईल" म्हणत राहिलो. हातात दुसरं काम घेतलं नाही, आयटीआयचा फॉर्म दोनदा भरून सोडला. मेहनत कमी नव्हती, कट-ऑफ नव्हता. पहाटे दिग्रस रोडला धावणाऱ्या भावांनो आणि ताईंनो, जरूर धावा, जीव लावून धावा. फक्त किती प्रयत्न, कोणत्या वर्षापर्यंत आणि त्यानंतर काय, हे आजच लिहून घरच्या कुणाला तरी दाखवा. याला हार म्हणू नका. परतीचा रस्ता माहीत असला की पुढेही निर्धास्त जाता येतं.

एक इशारा

हे सगळं धावलं की आपोआप येतं, असं मी म्हणणार नाही. रानात बाटलीचा हिशोब ठेवणारा माणूस घरी उधारीचा हिशोब ठेवत नाही, असे मित्र मला आहेत. मीही काही महिने घरच्या कटकटीतून पळण्यासाठीच पळत होतो. पळून कर्ज फिटत नाही. म्हणून मी एक सवय लावली. धावून आल्यावर बूट सोडताना स्वतःला विचारायचं : आज कुठे घाई केली, आणि अशीच घाई घरात कुठे चालू आहे?

सुरू करायचं असेल तर

किलोमीटर मोजू नका, वेळ मोजा. पहिला महिना आठवड्यातून तीनदा चाळीस मिनिटं, पाच मिनिटं धावणं आणि दोन मिनिटं चालणं. एप्रिल-मेमध्ये सूर्य वर यायच्या आत घरी. पावसाळ्यात काळ्या मातीत बूट किलोकिलोचे होतात आणि गवतात साप असतो, तेव्हा रस्ता बरा. वाट आणि परतीची वेळ घरी सांगून निघा. बीपी, शुगर, हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

त्या आजोबांना मी परवा सांगितलं, "आजोबा, बस नाही सुटली, घाई सुटावी म्हणून पळतो." ते म्हणाले, "मंग हळू पय ना बाबू."

बरोबर बोलले. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या.