दूरचा माल, बिनचूक पोच

मोहाडीकडील शेतकरी धानाची शंभर पोती राइस मिलला रवाना करतो, तेव्हा तो तीन गोष्टी पाहतो. पोती किती निघाली, वाटेत कोणी हात घातला काय, आणि पोचल्यावर वजन तितकेच भरले काय. गाडी सुटली म्हणजे माल पोचला, असे तो कधी धरीत नाही. संगणकावरील माहिती परगावी पाठविताना मात्र आपण ही सावधगिरी विसरतो.

दूरदूरच्या संगणकांत फाइलींची नेआण करण्याचे नियम १९७१ साली अभय भूषण यांनी लिहिले. कानपूरच्या आयआयटीचे हे पदवीधर त्या वेळी अमेरिकेत एमआयटीमध्ये होते. त्या जुन्या पद्धतीत परवलीचा शब्द उघड्या पोस्टकार्डासारखा तारेवरून जाई. यंत्रे थोडी होती, माणसे ओळखीची होती. म्हणून ते चालून गेले. आज ते चालण्यासारखे नाही.

शिवाय माल वाढला. १ टेराबाईट माहिती सेकंदाला १०० मेगाबिटच्या वाहिनीवरून अखंड पाठविली, तरी २२ तासांहून अधिक वेळ लागतो. विसाव्या तासाला वाहिनी तुटली, तर सारे पुन्हा प्रथमपासून करावयाचे काय?

याचे उत्तर आपल्या मुंबईतच पाहावयास मिळते. जिनीव्हाजवळील सर्न या संस्थेत अणूहून सूक्ष्म कणांच्या टकरी घडवितात. तेथील सीएमएस प्रयोगाची माहिती साठवून तपासण्याचे एक केंद्र कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आहे. अशा केंद्रांमधील वाहतुकीवर रात्रंदिवस कोणी माणूस बसवून ठेवलेला नसतो. एफटीएस नावाची यंत्रणा कामांची यादी ठेवते, दोन्ही संगणकांना आज्ञा देते, आणि माल त्या दोहोंमध्ये परस्पर जातो. मोठा साठा अनेक फाइलींत विभागलेला असतो. जी फाइल अडखळली तेवढीच पुन्हा धाडली जाते.

पोच खरी की खोटी, हे कसे ओळखावे? पाठविणारा संगणक फाइलीतील सर्व अंकांवर ठराविक गणित करून एक छोटा पडताळा-अंक काढतो. घेणाराही तेच गणित करतो. दोन्ही अंक जुळले नाहीत, तर फाइल बिघडली हे निश्चित. परंतु साधा पडताळा अपघाती बिघाड पकडतो, लबाडी नव्हे. लबाड मनुष्य फाइल व अंक दोन्ही बदलू शकेल. म्हणून वाटेतील मजकूर कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक रूपात, असावा लागतो. दोन्ही टोकांची ओळख प्रमाणपत्राने पटवावी लागते, आणि काम करणाऱ्या यंत्राला थोड्या तासांपुरताच परवाना द्यावयाचा असतो. तो चोरीस गेला, तरी नुकसान मर्यादित राहते.

स्वयंचलित यंत्रणेचा एक धोका मात्र ध्यानात ठेविला पाहिजे. यंत्र कंटाळत नाही, तसेच ते चुकीची आज्ञाही न कंटाळता पाळते. समजा, आपल्या तालुक्यातील जुन्या दप्तराची छायाचित्रे नागपुरास पाठविली, आणि जागा व्हावी म्हणून येथील प्रती पुसण्याची आज्ञा यंत्रास देऊन ठेविली. मूळ कागद वाळवीने खाल्लेले असतील, तर त्या छायाचित्रांना दुसरा आधार उरत नाही. म्हणून आमचे सांगणे एवढेच आहे, की पलीकडचा पडताळा जुळल्याची नोंद हाती येईपर्यंत, आणि दुसरी प्रत निराळ्या ठिकाणी सुखरूप असल्याची खात्री होईपर्यंत, येथील एकही फाइल पुसू नये.