एकच कागद, दोन चाली

वेतनकराराची छापील प्रत पुरेना, म्हणून आम्ही ती वाळूजच्या कामगारांसाठी सर्व्हरवर ठेवली; फाइल ४० मेगाबाइटची. पाळी सुटताच तक्रारी सुरू! कुणाला ती चटकन मिळे, कुणी मिनिटभर ताटकळे. कुणीतरी मुद्दाम अडवते आहे, असा आम्हांला संशय. युनियनवाल्याची खोडच ती.

सर्व्हर दोन, आणि पुढे लोड बॅलन्सर. हा आपला मुकादम: आलेल्याला पाळीपाळीने या किंवा त्या सर्व्हरकडे धाडतो. दोष त्याचा की मागच्यांचा, हे कळावे म्हणून त्याला वगळून आम्ही एकेका सर्व्हरकडून वीस जणांना एकदमच फाइल मागावयास लावली. पहिल्याने सातेक सेकंद घेतले, दुसऱ्याने मिनिटाच्या वर.

दुसऱ्याच्या केबलमधील तारांची एक जोडी तुटली होती. सेकंदाला १००० मेगाबिटच्या वेगाला चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच. यंत्र मुकाट्याने १०० वर उतरले होते. वीस प्रतींचे ६४०० मेगाबिट. भागाकार श्रोत्यांनीच करावा. एकट्याला फरक तीन सेकंदांचा, म्हणून आधी आमच्या ध्यानातच आला नव्हता. पाणचक्कीच्या मातीच्या नळांतही एक सांधा तुंबला तर हौद भरण्यास वेळ लागणारच.

मग मुकादमानेच फाइल का देऊ नये? २००४ साली आलेला एन्जिनएक्स दोन्ही कामे करतो. एचएप्रॉक्सी मुळात वाटप करणारा. २०२० च्या २.२ आवृत्तीपासून तो लहानसा मजकूर स्वतः देतो, ४० मेगाबाइट नव्हे. आम्ही केबल बदलली, आणि कराराची प्रतही हलकी करून ठेवली.