पहिला डिजिटल पियानो निवडताना

पियानो हे मुळात हातोडीचे वाद्य आहे. 1700 च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने ते घडवले तेव्हा आधीच्या हार्पसिकॉर्डपेक्षा त्याचे मुख्य वेगळेपण असे की तार छेडली न जाता तिच्यावर हातोडीचा आघात होई, आणि त्यामुळे बोटाच्या जोरानुसार स्वर लहान-मोठा करता येई. डिजिटल पियानोत तारा नसतात. पट्टीखालचे संवेदक ती किती वेगाने खाली आली हे मोजतात आणि खऱ्या पियानोचा आधीच ध्वनिमुद्रित केलेला स्वर त्या वेगाला साजेशा तीव्रतेने ऐकवतात. साहजिकच अशा वाद्यात सर्वांत आधी पट्टीचा स्पर्श तपासावा लागतो, आणि माहितीपत्रकावर ठळक छापलेली शेकडो ध्वनींची व तालांची संख्या नवशिक्याच्या दृष्टीने जवळजवळ निरर्थक ठरते.

महाराष्ट्रात अनेकांची बोटे आधी पेटीवर फिरलेली असतात. हार्मोनियममध्ये आवाजाचा चढउतार भात्यावर अवलंबून असतो, पट्टी हलकी असते आणि ती कितीही जोरात दाबली तरी स्वर मोठा होत नाही. त्यामुळे स्प्रिंगवर चालणाऱ्या स्वस्त कीबोर्डची पट्टी अशा वादकाला परकी वाटत नाही, आणि नेमकी तेथेच निवड चुकते. पियानोची पट्टी वजनदार असते, कारण तिला हातोडी उचलावी लागते. शिवाय खर्जातील हातोड्या जड व तार सप्तकातील हलक्या असल्याने डावीकडून उजवीकडे हे वजन क्रमाने कमी होत जाते. हा क्रम पाळणाऱ्या रचनेला ‘ग्रेडेड हॅमर ॲक्शन’ म्हणतात, आणि दुकानदाराला विचारायचा पहिला प्रश्न तिच्याविषयीचाच असावा. केवळ ‘टच सेन्सिटिव्ह’ एवढेच लिहिलेले असेल, तर जोर ओळखला जातो, पण पट्टीला वजन असेलच असे नाही.

पट्ट्या 88 असाव्यात, हा आजचा प्रमाण आकडा आहे; मात्र मोझार्टच्या स्वतःच्या पियानोवर पाच सप्तकांच्या 61 पट्ट्याच होत्या, हे लक्षात घेतले तर संख्येचा बाऊ करण्याचे कारण उरत नाही. 61 पट्ट्यांच्या कीबोर्डची खरी उणीव बहुधा स्पर्शात असते. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षांतही पियानो आणि इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड यांचे अभ्यासक्रम वेगळे आहेत, तेव्हा पाल्याला कोणत्या परीक्षेला बसवायचे हे खरेदीपूर्वीच शिक्षकांशी बोलून ठरवावे.

यामाहा पी-145, कसिओ सीडीपी-एस110 आणि रोलंड एफपी-10 ही पहिला डिजिटल पियानो म्हणून घेतली जाणारी परिचित वाद्ये आहेत. पहिल्या दोहोंत एकाच वेळी 64 स्वर वाजू शकतात, तर तिसऱ्यात 96. या क्षमतेस ‘पॉलिफोनी’ म्हणतात. बोटे दहाच असली तरी पेडल दाबल्यावर आधीचे स्वर रेंगाळत राहतात, म्हणून हा आकडा मोठा लागतो, पण नवशिक्याला 64 पुरतात. एफपी-10 मध्ये प्रत्येक पट्टीला तीन संवेदक असल्याने पट्टी पूर्ण वर येण्यापूर्वीच तोच स्वर पुन्हा वाजवता येतो.

सोबत येणारे छोटे पेडल बहुधा केवळ चालू-बंद होणाऱ्या कळीसारखे असते आणि गुळगुळीत फरशीवर सरकते. ते पुढे बदलता येते. फुलीच्या आकाराचा स्टँड मात्र टाळावा, कारण जोरात वाजवताना तो डुलतो. हेडफोन लावल्यावर शेजाऱ्यांना स्वर ऐकू येत नाहीत, तरी पट्ट्यांची धपधप फरशीतून खालच्या मजल्यावर पोहोचते. स्टँडखाली जाड सतरंजी घातल्यास ती बरीच कमी होते.

मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत लाकडी पियानोचे स्वर लवकर बिघडतात व तो वारंवार जुळवून घ्यावा लागतो. डिजिटल पियानोला ही कटकट नाही, म्हणून किनारपट्टीवरील घरासाठी पहिले वाद्य म्हणून तोच अधिक शहाणपणाचा ठरतो. फक्त पैसे मोजण्यापूर्वी आवाज पूर्ण बंद करून त्याच्या पट्ट्या दहा मिनिटे वाजवून पाहाव्यात.